रुमाल

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. लातूर. ईसीजीची खोली.
शर्वरी तोंडारे, वय सतरा, गाव उदगीरकडचं.
सोबत रूम पार्टनर शिफा.
घाईत निघालेल्या, दोघींच्या पायात एकमेकींची एकेक चप्पल.

"काका, छातीत धडधडूलालंय."

पडद्याआड सिस्टरनं चिमटे लावले,
जेल गार, पोरगी दचकली.
अलीकडे माझ्या हातात कागद सरकू लागला.
अठरा वर्षं हा गुलाबी चौकटींचा कागद बघतोय मी,
त्यावरून माणसं जाताना पाहिलीत, परत येतानाही.
हिची रेघ पळत होती, एकशे अठरा,
आणि मध्येच एक ठोका आगाऊ,
रांग मोडून पुढं घुसलेला.
त्याच्यामागं रिकामी जागा,
अंधारात जिना उतरताना
आहे समजून पाय टाकावा
आणि पायरी नसावी, तशी.

"किती कप?"
"कप नाही," शिफा म्हणाली, "बाटली.
दोन रुपयांच्या सहा पुड्या, गार पाण्यात, हलवून.
मेसवाल्या मावशी रात्री दूध देत नाहीत."
"आणि जेवण?"
शिफानं पंख्याकडं पाहिलं.

डॉक्टर आले. कागद बघितला, नाडी बघितली,
खालची पापणी ओढून बघितली.
"हृदय चांगलंय. त्याला झोपू द्या," म्हणाले
आणि जांभई देत गेले.

"काका, बघू माझा कागद."
तिनं बोट ठेवत नावं घेतली, पी, क्यूआरएस, टी,
आगाऊ ठोक्यावर थांबली:
"हा रुंद आहे. म्हणजे खालच्या कप्प्यातून आलाय."
हे शिकायला मला दोन वर्षं लागली होती.

"एवढं कळतं, मग कॉफीचं कळत नव्हतं?"
"कळतं की. एका मार्काला येतं."
आणि सांगू लागली, फळ्यासमोर उभी असल्यासारखी:
जागेपणी डोक्यात ॲडेनोसिन साठत जातं,
त्याच्या ठरलेल्या जागा असतात,
ते बसलं की झोप येते.
कॅफीन आधीच जाऊन तिथं बसतं.

"म्हणजे खिडकीतून टाकलेला रुमाल," मी म्हणालो.
ती पहिल्यांदा हसली.
उदगीर गाडी फलाटाला लागायच्या आत
किती रुमाल टाकले असतील तिनं.

रुमालाला ना तिकीट ना गाव,
पण सीट अडलेली.
थकवा काही गाडीतून उतरत नाही,
दांडी धरून उभा राहतो, गठुडं पायाशी,
नळेगावला आणखी चढतात.
आणि कुणी रुमाल उचलला
की सगळे एकदम बसतात,
एकमेकांच्या मांडीवर.

"किती वेळ राहतो हा रुमाल?"
"पाच-सहा तासांनी अर्धा. मग अर्ध्याचा अर्धा."
आठ वाजता प्यायलेली बाटली
अजून अर्धी जागी होती तिच्या रक्तात,
वनस्पतींचं वर्गीकरण पाठ करत.

मी दिवा मालवला. म्हटलं, पड थोडा वेळ.
झोपली ती शिफा, बाकावर, भिंतीला डोकं टेकून.
ही मात्र अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेली,
ओठ हलत होते.

माझा थर्मास टेबलाखाली असतो.
रात्रीत चार कप, रविवारी एकही नाही,
म्हणून रविवारी दुपारी कपाळात खिळा.
दिवसा पडदे लावून झोपतो मी,
झोपतो म्हणजे
उशीला कान लावून स्वतःचे ठोके मोजतो.
सदऱ्याची गुंडी लावताना बोटं थरथरतात,
बायको न बोलता लावून देते.

साडेपाचला पोरी गेल्या,
चपला अदलाबदल न करताच.
मी कॉटवर पडलो, सिस्टरला म्हटलं,
लावा जरा चिमटे.

कागद सरकला. मी पाहिला नाही.
"नाव काय टाकू?" तिनं विचारलं.
बाहेर स्टँडवर पहिली गाडी लागत होती,
कंडक्टर गावांची नावं पुकारत होता.